पाटी कोणी धुतली?

मंगळवार, ७ नोव्हेंबर

"मला पाटी नको!"

तुदा म्हणाली. चुलीपाशी उभी राहून, दोन्ही मुठी आवळून. दहा वर्षांची पोर, आणि आवाज असा की अंगणातली कोंबडी उडाली!

झालं एवढंच. संध्याकाळी ती कुराणातला एक अध्याय, सूरह वाकिआ, तोंडपाठ म्हणून दाखवत होती. मी समोर छापील कुराण उघडून बसलो होतो, बोट ओळीवर. चुकली तिथे थांबवलं. चुकेल असं वाटलं तिथेही थांबवलं. यात माझं काय चुकलं? काटा केसभर सरकलेला असेल तर मी तराजू गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. आणि हे तर अल्लाहचं वचन!

यामना पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुदाचे बाबा, काटा नीट करताना तुम्ही त्याच्यावर ओरडता का?"

उत्तर आता सुचलं, म्हणून इथे लिहितो — काटा रडत नाही.

बुधवार, ८ नोव्हेंबर

पहाटे लाकडी पाटी काखेत मारून गेली मशिदीत — शाईने तिच्यावर कुराणाच्या ओळी लिहायच्या, पाठ झाल्या की धुऊन पुढच्या. गेली, हे महत्त्वाचं. माझ्याशी मात्र एक शब्द नाही. दौत तेवढी माझ्या हातून घेतली — शाई मीच करतो. न धुतलेली, तेलकट लोकर मडक्यात जाळायची. कोळसा झाला पाहिजे, राख नव्हे. इथेच लोक चुकतात. मग वाटायची, पाण्यात कालवायची. अख्ख्या गावात माझ्याइतकी काळी शाई कोणाची नाही. मशिदीत पोरांना शिकवणारे फकीह, सिदी बिही, त्यांनी स्वतः मागून नेली आहे.

हे मला कोणी शिकवलं नाही. काहीच कोणी शिकवलं नाही. ज्या वयात पोरं मशिदीत पाटी घेऊन बसतात, त्या वयात मला कासाब्लांकाला काकाच्या किराणा दुकानात पाठवलं. अक्षरं मी डब्यांवरून शिकलो. पहिला वाचलेला शब्द — 'सार्डिन'. मग रद्दीचे कागद, मग वर्तमानपत्र. तराजू शिकलो ते एक खोलून, परत जोडून. आज सगळ्या खोऱ्यातले तराजू माझ्याकडे येतात.

सिदी एकदा म्हणाले होते, "पुस्तकावरून तराजू शिकता येतो, ब्राहिम. कुराण तोंडातून कानात जातं." मी हो म्हटलं. सोडून दिलं.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

बाजार. बेलैद खाटकाचा तराजू. दांडीखाली चरबीचा थर! खरवडला.

"हळू रे, त्या चरबीवर माझं घर चालतं," बेलैद म्हणाला.

"म्हणूनच खरवडतोय."

हसला. मग त्याने विषय काढला. जानेवारीतल्या शुक्रवारी, नमाजनंतर, ज्यांचं सूरह रहमानपर्यंत झालं असेल ती मुलं सगळ्या गावासमोर म्हणून दाखवणार. त्याचा पुतण्या आहे. माझी तुदाही. न अडता म्हटलं तर वरच्या रांगेत. अडलं तर खालच्या, बारक्या पोरांत, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"तुझी पोरगी म्हणणार, की तुझ्या मांडीवरचं पुस्तक?" बेलैद म्हणाला.

गंमत होती, कळतं मला. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. तुदा मुळातच पाटी नको म्हणते आहे. चारचौघांत अडली, बारक्यांत बसवली, तर पुन्हा मशिदीची पायरी चढायची नाही. मी ओळखतो तिला. माझीच पोर ती!

शनिवार, ११ नोव्हेंबर

आज तिने मला म्हणून दाखवलंच नाही. आईला दाखवलं. मी भिंतीआड उभा राहून ऐकलं — वाकिआचा शेवटचा पाटीभर भाग, एका दमात! मला ऐकू आलं त्यात एकही शब्द गळला नाही. पुस्तक हातात नव्हतं, तरी कळतं.

मनात म्हटलं, समेट करायचा तर बोलून नको. करून. ती शेळ्यांकडे गेली तशी पाटी उचलली. शाई धुऊन काढली. ते पाणी पायदळी जायला नको, म्हणून बदामाच्या मुळाशी ओतलं. पांढऱ्या मातीचा हात दिला, वाळला, दुसरा दिला. उन्हात तिरपी टेकवली. अशी उतरली की बोट फिरवावं! उद्या नवी ओळ लिहायला तयार.

रविवार, १२ नोव्हेंबर

काय करून बसलो!

पाटी धुवायची ती फकीह 'धू' म्हणतील तेव्हा. आधी त्यांच्यापुढे म्हणायचं, त्यांनी मान डोलवायची, मग पाणी. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मलाही माहीत होतं! पाहिलेलं, ऐकलेलं. पण मी कधी पाटीवर बसलो नाही ना. हातात भिनलेलं नव्हतं.

ती पहाटे गेली ती मोकळी पाटी घेऊन. सगळ्यांसमोर सिदींनी विचारलं, "पाटी कोणी धुतली?"

तुदा गप्प.

"तू धुतलीस?"

गप्प.

"बरं. म्हण मग अशीच."

म्हणताना गडबडली. गडबडणारच, सगळे टकमक बघत असताना! सिदींनी अख्खी पाटी पुन्हा लिहायला लावली. हे सगळं यामनाला विहिरीवर कळलं, शेजारच्या पोरीकडून. तुदाने घरी येऊन चकार शब्द काढला नाही. माझं नाव तिथेही घेतलं नाही.

एवढी पोर. हा ताठ कणा हिने कुठून आणला?

सोमवार, १३ नोव्हेंबर

आज फकीहांना जेवण पाठवायची पाळी आमच्या घराची. एरवी तुदा नेते. आज मीच नेलं — जवाचा घट्ट लापशीसारखा तगुल्ला, मध्ये खळग्यात अर्गानच्या बियांचं तेल.

"सिदी, पाटी मी धुतली."

ते जेवत राहिले. मग म्हणाले, "नीट धुतलीस?"

"आरशासारखी."

"पाणी कुठे टाकलंस?"

"बदामाच्या मुळाशी."

"आणि माती?"

"दोन हात. पहिला वाळल्यावर दुसरा."

"कामात खोट नाही, ब्राहिम." बोट चाटलं. "फक्त परवानगी नव्हती."

मी मान खाली घातली. वाटलं सुटलो. कसला सुटतोय!

"पाटी तू धुतलीस," म्हणाले, "तर आता पाटी तूच हो."

म्हणजे काय, तर जानेवारीतल्या त्या शुक्रवारपर्यंत छापील कुराण वरच्या फळीवर. खाली उतरवायचं नाही. रोज संध्याकाळी तुदाने माझ्यासमोर बसायचं. आधी पाटीत बघून म्हणायचं, पुन्हा पुन्हा, मग पाटी भिंतीकडे वळवून. मी नुसतं ऐकायचं. चूक पकडायची नाही — ते त्यांचं काम. ती थांबली तर मात्र पुढचं मी सांगायचं.

"पुस्तकाशिवाय मी काय सांगणार, सिदी?"

"पाटी कुठे पुस्तक उघडून बसते?"

"आणि नाही आलं तर?"

"तर दोघं उठा, पाटी सुलटी करा, बघा. घरात पाय दुखतात का चालायला?"

परत येताना रिकामं ताट मलाच धरायला लागलं. गावाने पाहिलं. पाहू दे.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

पहिली संध्याकाळ. सिदींनी वाकिआची पाटी ऐकली, धुवायला सांगितली, आणि रहमान सुरू केली. तुदा लांब बसली, उंबऱ्याशी. माझ्या हातांना काही सुचेना. पुस्तक नाही तर हात ठेवायचे कुठे? यामनाने बदामांची टोपली पुढ्यात सरकवली. "फोडा. तोंड बंद, हात चालू."

तुदाने म्हटलं. मध्येच माझ्याकडे बघून विचारलं, "चुकलं का?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

पोरीसमोर हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले असावेत! मग थोडी पुढे सरकून बसली.

शनिवार, १८ नोव्हेंबर

माझी आयत आली! आकाश उंच केलं आणि तराजू मांडला. तोलात मर्यादा ओलांडू नका. न्यायाने तोला, माप कमी भरू नका.

इतकी वर्षं तराजू दुरुस्त करतो आहे आणि हे वाचलेलं होतं, छापील, बोट ठेवून. पण पोरीच्या तोंडून कानात गेलं तेव्हा हातातला बदाम तसाच राहिला.

"बाबा, हे तुमच्यावर आलंय," तुदा म्हणाली. हसली! त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा.

"बेलैदवर आलंय," मी म्हणालो.

बुधवार, २२ नोव्हेंबर

थांबली आज. या सूरहमध्ये एक ओळ फिरून फिरून येते — मग तुम्ही दोघं आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल? दर वेळी ओळ तीच, पण तिच्यामागून येणारं वेगळं. भलेभले इथेच चुकतात. ती ओळ म्हणून तुदा थांबली, माझ्याकडे पाहिलं.

मी कोरा. नुसती पांढरी माती!

दोघं उठलो, पाटी सुलटी केली. माणूस घडवला वाजणाऱ्या मातीपासून, भाजलेल्या मडक्यासारख्या. तुदाने पाटीवर बोटाने टकटक केलं. ऐकत राहिली. मग माझ्या कपाळावर टकटक केलं.

यामना हसून हसून पिठात पडायची बाकी राहिली.

बुधवार, २९ नोव्हेंबर

सांगता आलं! एक ओळ. एकच. पण पाटीकडे न जाता.

गुरुवार, ७ डिसेंबर

बाजारात सगळा दिवस. वजनं घासताना बेलैद मागे येऊन उभा राहिलेला कळलंच नाही.

"काय पुटपुटतोस? वजनाला कुराण शिकवतोस का?"

"पोरीचं डोक्यात घोळतंय."

"तिला येतंय ना पण?"

तिथे बोललो नाही. इथे लिहितो. मला काळजी आहे. ती थांबते. रोज. कधी तर एका बैठकीत पुन्हा पुन्हा.

रविवार, १० डिसेंबर

थांबते त्यात काहीतरी गोम आहे. मी लक्ष ठेवून आहे. काल जिथून वाऱ्यासारखी गेली, नेमकी तिथेच आज थांबते. माणूस कच्चं असेल तिथे अडतो. तराजूही जिथे गंज असेल तिथेच अडतो. हिचं उलटं! घासून लख्ख केलेल्या जागी अडते.

यामनाला म्हटलं, "पोर कच्ची राहिली आहे."

"मी रोज मळता मळता ऐकते," ती म्हणाली, "मला तर कच्चं कोणी दुसरंच वाटतं."

बायकांचं बोलणं. पण तिच्याशिवाय हे चाललं नसतं, हेही लिहून ठेवतो. पहाटे पोरीला उठवते ती हाक मारून नव्हे — जिथे काल सोडलं ती आयत कानात गुणगुणून. हिला वाचता येत नाही. ऐकून तेवढी एक उचलून ठेवते, सकाळसाठी. मी माझ्या घरात असं काही चालतं हे आत्ता पाहिलं! आणि तुदा अर्ध्या झोपेत पुढची ओळ म्हणत उठते. डोळे मिटलेले, ओठ चालू.

शुक्रवार, १५ डिसेंबर

फिरून येणाऱ्या ओळीवर उपाय सापडला. माझा मीच शोधला.

आमच्या बाजारात दुकानांची रांग आहे, दर दोन दुकानांमध्ये एक सारखाच खांब. खांब सगळे एक, दुकानं वेगळी. ती ओळ म्हणजे खांब. पहिल्या खांबानंतर माती आणि धूर नसलेली आग — म्हणजे कुंभार. मग दोन उगवती, दोन मावळती. मग दोन समुद्र, एकमेकांना भेटणारे आणि तरी न मिसळणारे. मग मोती आणि पोवळं — सोनार आलाच. मग डोंगराएवढी जहाजं. डोळे मिटून रांगेतून चालत गेलं की झालं.

तुदाला सांगितलं. तिने अगदी मन लावून ऐकून घेतलं. म्हणाली, "बाबा, छान आहे. तुम्ही चालून दाखवा ना."

चाललो. सोनारापर्यंत पोहोचलो, पुढे खांबाला धडकलो. तिने गप्प वाट पाहिली. मी करायचो तसं मध्येच तोडलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग जहाजं दिसली!

वाट पाहणं ही हिची विद्या. माझ्याकडून आलेली नाही, एवढं नक्की.

मंगळवार, २ जानेवारी

सर्दी. घसा बसला पोरीचा. तरी मशिदीत गेली. यामनाने ओव्याचा काढा दिला, मान लोकरीने बांधली. संध्याकाळी बसली, आवाज फुटेना. ओठ हलवत राहिली. मी ओठांकडे बघून मागोमाग म्हणत गेलो, म्हणजे तिला खात्री व्हावी. कुठवर गेलो ते आठवत नाही. तिने टाळ्या वाजवल्या.

तिला वरच्या रांगेत चढवायला मी एवढं करतो आणि ही मलाच टाळ्या देते!

मंगळवार, ९ जानेवारी

वरच्या फळीकडे हात गेला. पुस्तकाला बोट लागलं. दिवस जवळ आलेत, पोर अजून थांबते, आणि मी फक्त एकदा नीट तपासून घेणार होतो.

बोट काढून घेतलं. पाटीला हात नसतात.

बुधवार, १७ जानेवारी

आजही थांबली. डाळिंबाच्या इथे! फळं, खजूर आणि डाळिंब — झोपेत विचारलं तरी सांगेल अशी जागा! मी सांगितलं, तिने मान डोलवली, पुढे गेली. चेहऱ्यावर काळजी औषधालाही नाही.

शुक्रवारी मशिदीत मी शेजारी नसणार. कोण सांगणार तिला?

शुक्रवार, १९ जानेवारी

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर हातून निसटेल.

मशिदीच्या अंगणात चटया. बायका गच्चीवर. मुलांच्या पाट्यांना केशराच्या पाण्याने आणि माझ्या शाईने वेलबुट्टी काढलेली. आधी बेलैदचा पुतण्या. बरा गेला, पण दोन समुद्रांच्या इथे मोती आधी काढले आणि मग तोंडाला कुलूप. सिदी रागावले नाहीत. "पुढच्या वर्षी," एवढंच. बेलैद चटईकडे बघत बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने ठेवू दिला.

मग तुदा.

उभी राहिली. पाटी छातीशी उलटी धरलेली, अक्षरं आत. माझे हात रिकामे. बदाम नाहीत, पुस्तक नाही, काही नाही.

'रहमान' म्हणाली, आणि निघाली.

घरी ज्या ज्या जागी थांबायची, ती प्रत्येक जागा मला येण्याआधी दिसत होती. ती तिथे पोहोचायची, माझ्या तोंडात पुढची ओळ भरून यायची — आणि ती पार झालेली असायची! कुंभार. गेली. मोती. गेली. जहाजं. गेली. दोन बागा, त्यांच्याखालच्या आणखी दोन. डाळिंबं. कुठेही नाही. एकदाही नाही. आवाज सर्दीतून उठलेला, किंचित खरखरीत, आणि काटा मात्र मधोमध. मी आजवर इतकं नेमकं काहीही पाहिलेलं नाही. पंचवीस वर्षं तराजू जुळवतो आहे.

संपलं. मग सिदी म्हणाले, "धू."

गच्चीवरून बायकांच्या किलकाऱ्या. त्यात यामनाची मी ओळखली. बेलैद डोळे पुसत मला म्हणाला, "पोरगीच म्हणाली रे, पुस्तक नाही." वरच्या रांगेत बसली तुदा. बसताना मागे वळून पाहिलं नाही. शाबास!

एक गोष्ट राहिली. सूरह चालू असताना सिदी तिच्याकडे बघतच नव्हते. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या ओठांकडे बघत होते. का कोण जाणे.

शनिवार, २० जानेवारी

विचारलंच. "काल एकदाही अडली नाहीस. मग घरी का अडायचीस?"

"मी कुठे अडत होते, बाबा? थांबत होते." शेळीचं दूध काढता काढता सांगितलं तिने, जसं काही रोजचंच. "सिदींनी सांगितलं होतं — जिथे तुला सगळ्यात पक्कं येतं तिथेच थांब, आणि बाबांची वाट बघ."

मला बसावं लागलं. तिथेच, शेणात.

"म्हणा ना आता," म्हणाली. "पहिल्यापासून."

म्हटलं. एकदा अडलो. तिने वाट पाहिली.

उद्या पहाटे सिदींनी बोलावलंय. तिला नव्हे, मला. माती भिजत घातली आहे, दोन पाट्यांपुरती.